डब्यात चॉकलेट किती?

दसरा झाला आणि घराघरांत झाडलोट सुरू झाली की आमच्या हाटकेशच्या बिल्डिंगीत तिसऱ्या मजल्यावरून एक वास जिन्यातून खाली उतरायला लागतो. भाजणीचा नाही, चिवड्याच्या फोडणीचाही नाही. गरम कोको आणि व्हॅनिलाचा. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू गेली नऊ-दहा वर्षं दिवाळीत चॉकलेटचे डबे करून विकतात. क्रॉफर्ड मार्केटमधून स्लॅब, साचे, झगमगीत कागद आणि खणांचे पुठ्ठ्याचे डबे आणायचे, पातेल्यावर पातेलं ठेवून स्लॅब वितळवायची, त्यात काजू, बदाम, संत्र्याच्या सालीचा कीस वगैरे घालायचं. बारा तुकड्यांचा डबा, १२० रुपये. पलीकडच्या उद्योगनगरातले गाळेवाले कामगारांना द्यायला एकदम पन्नास-पन्नास डबे नेतात. त्या पैशांतून काकूंच्या धाकट्याची एका सेमिस्टरची फी निघते.

यंदा त्या डबा घेऊन आमच्याकडे आल्या. "अगं, तू एवढं शिकतेस, त्यातलंच काहीतरी करतेस ना? मग मला एक सांग, हे चांगलं आहे की नाही?" एका गाळेवाल्यानं त्यांना तोंडावर म्हटलं होतं, की ही चॉकलेटं नकली आहेत, मी दुकानातला डबा घेईन.

मी एमएस्सी केलं रसायनशास्त्रात, तेल-चरबी हा विषय घेऊन. पीएचडी करतेय विज्ञानाच्या इतिहासात, अन्नभेसळीचे कायदे आणि प्रयोगशाळेतल्या चाचण्या यांवर. म्हणजे हा प्रश्न माझ्यासाठीच जन्माला आला होता असं म्हणायला हरकत नाही. आणि मी उत्तर काय दिलं? "काकू, तांत्रिकदृष्ट्या हे चॉकलेटच नाही."

त्यांचा चेहरा उतरला. डबा टेबलावर ठेवून त्या निघून गेल्या. आईनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्यावर वेगळा लेख होईल.

मी बोलले ते खोटं नव्हतं, पण ते उत्तरही नव्हतं. काकूंनी विचारलं होतं 'चांगलं आहे का', आणि मी सांगितलं 'त्याचं नाव काय'. स्वस्त चॉकलेटच्या डब्याचा इतिहास वाचताना माझ्या लक्षात आलं, की ही गल्लत मी पहिल्यांदा केलेली नाही. युरोपातल्या सरकारांनी तीस वर्षं हेच केलं.

आधी थोडं रसायन, मग पुढचं सोपं जाईल. कोकोच्या बीत निम्म्याच्या आसपास चरबी असते, ती कोकोबटर. ही चरबी विलक्षण आहे. खोलीच्या तापमानाला कडक, ३४ अंशांच्या आसपास पटकन वितळणारी. आपलं तोंड त्याहून थोडं गरम, म्हणून चॉकलेट जिभेवर विरघळतं. पण ही चरबी सहा वेगवेगळ्या प्रकारे स्फटिक बनवू शकते (विले आणि लटन यांनी १९६६ मध्ये हे सहा प्रकार वेगळे करून दाखवले), आणि चकाकी, कट्कन तुटणं, तोंडात विरघळणं हे सगळं त्यातल्या पाचव्या प्रकारातच नीट मिळतं. तो मिळवायला वितळलेलं चॉकलेट ठरावीक अंशांपर्यंत थंड करून, परत जरा गरम करून घोटावं लागतं. याला टेम्परिंग म्हणतात. ते चुकलं तर काही दिवसांत वर पांढुरकी झाक येते. लोकांना ती बुरशी वाटते, पण ती चरबीच असते.

काकूंची स्लॅब 'कंपाउंड' या नावानं बाजारात मिळते. तिच्यात कोकोबटरऐवजी बहुधा पामच्या गरातल्या बीचं, म्हणजे पाम कर्नलचं, प्रक्रिया केलेलं तेल असतं आणि कोकोची पावडर. हे तेल आपल्या खोबरेलाचं जवळचं भावंड, दोन्हींत लॉरिक आम्ल भरपूर. कंपाउंडला टेम्परिंग लागत नाही. वितळवा, साच्यात ओता, फ्रिजमध्ये ठेवा, झालं. आपल्याकडे या स्लॅबचं उत्पादन आता मोठं आहे. पुणे जिल्ह्यात मंचरला मोर्डे यांचा कारखाना आहे. तुम्ही खाल्लेल्या केकवरचं, आइस्क्रीमवरचं किंवा बिस्किटावरचं 'चॉकलेट' बऱ्याचदा या जातीचं असतं.

आता इतिहास. १८२८ साली ॲमस्टरडॅमच्या व्हान हाउटेन यांनी कोकोतून चरबी पिळून काढणाऱ्या दाबयंत्राचं पेटंट घेतलं. यंत्रातून दोन गोष्टी बाहेर पडतात, एकीकडे कोकोबटर आणि दुसरीकडे कोरडी पेंड, जी दळली की कोको पावडर. इंग्लंडमध्ये तेव्हा कोको म्हणजे पेय. चरबीचा तवंग दिसू नये म्हणून त्यात बटाट्याचं पीठ, साबुदाणा असं काहीबाही मिसळायची पद्धत होती. १८५० च्या दशकात आर्थर हॅसल या डॉक्टरनं 'लॅन्सेट'साठी लंडनच्या बाजारातले नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा कोकोत पिष्ट आणि रंगासाठी लाल माती सापडली. भेसळीचा आधुनिक इतिहास इथून सुरू होतो असं म्हटलं तरी चालेल, निदान माझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण तरी. खुद्द कॅडबरींच्या कोकोतही खऱ्या कोकोचं प्रमाण पाचव्या हिश्श्याइतकंच होतं, असं जॉर्ज कॅडबरींनी पुढे कबूल केलं.

१८६६ मध्ये कॅडबरींनी हॉलंडहून ते दाबयंत्र आणलं आणि पीठ न मिसळलेला, चरबी काढलेला शुद्ध कोको विकायला घेतला. धंदा वाढला. पण मग पिळून निघालेल्या कोकोबटरचं करायचं काय? ते साखर आणि कोकोत मिसळून खायची चॉकलेटं केली आणि ती विकायला रिचर्ड कॅडबरींनी चित्रं लावलेले शोभिवंत डबे काढले. चित्रांपैकी काही त्यांनी स्वतः रंगवली होती, त्यातल्या एकात त्यांची मुलगी मांजराचं पिल्लू घेऊन आहे. आज आपण हौसेनं भेट देतो तो चॉकलेटचा डबा, म्हणजे शुद्ध कोकोच्या कारखान्यात उरलेल्या चरबीची सोय. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा फार गंमत वाटली. आणि काकूंची स्लॅब? त्याच यंत्राच्या दुसऱ्या तोंडातून पडलेल्या पावडरीची. एका यंत्रातून दोन डबे निघाले. एकाच्या वाट्याला बटर आलं, दुसऱ्याच्या वाट्याला पेंड.

पण कॅडबरींचा तो डबा श्रीमंतांचा. स्वस्त डब्याची गोष्ट १९३० च्या दशकातली आहे, आणि ती मला जास्त आवडते. जगभर मंदी होती. यॉर्कच्या राउंट्री कंपनीचं दुकान बुडायला आलं होतं. तेव्हा त्यांनी मानसशास्त्रज्ञांची मदत घेऊन हजारो गिऱ्हाइकांना विचारलं, तुम्हाला डब्यात नेमकं काय हवंय? कोणतं सारण आवडतं, कोणतं शेवटपर्यंत डब्यात उरतं? त्या उत्तरांवरून १९३३ साली 'ब्लॅक मॅजिक' आला. साधा काळा डबा, वर रिबिनींचा सोस नाही, आत लोकांनी निवडलेले मोजके प्रकार आणि मोठमोठ्या डब्यांपेक्षा कमी किंमत. चांगलं काय हे तोवर कारागीर ठरवत होता किंवा सरकारी रसायनतज्ज्ञ. इथे पहिल्यांदा एवढ्या पद्धतशीरपणे खाणाऱ्याला विचारलं गेलं.

तीन वर्षांनी, १९३६ मध्ये हॅलिफॅक्सच्या मॅकिंटॉश यांनी 'क्वालिटी स्ट्रीट' काढला. नाव जे. एम. बॅरी यांच्या नाटकावरून घेतलं. मॅकिंटॉश मूळचे टॉफीवाले. त्यांची युक्ती सरळ होती. परदेशी सुकामेवा आणि महागडी सारणं कशाला? घरची टॉफी आत, वर चॉकलेटचा पातळ थर, प्रत्येक तुकडा यंत्रानं रंगीत कागदात गुंडाळलेला, आणि सगळं एका पत्र्याच्या डब्यात. कामगाराच्या घरी नाताळला नेता येईल अशी भेट. त्यात चॉकलेट कमी होतं हे उघड होतं, लपवलेलं नव्हतं. मीरारोडला ज्यांचं कुणी आखातात आहे, त्यांच्या घरी हा डबा असतोच. आमच्याही घरी होता. आत सुया, दोरे, बटणं. लहानपणी दर वेळी आशेनं झाकण उघडायचे आणि दर वेळी तीच काळ्या दोऱ्याची रिळं.

म्हणजे स्वस्त डबा हा कुणाच्या फसवणुकीतून जन्मला नाही, तर महाग वस्तूची मात्रा कमी करून जन्मला. प्रश्न हा की मात्रा किती कमी केली की नाव बदलायला हवं.

यावरच युरोपात ती तीस वर्षांची लढाई झाली, तिला चॉकलेट-युद्धच म्हणतात. ब्रिटन, आयर्लंड, डेन्मार्क १९७३ मध्ये युरोपीय समुदायात आले. त्यांच्या चॉकलेटात कोकोबटरशिवाय इतर वनस्पतींची चरबी थोड्या प्रमाणात चालायची. फ्रान्स, बेल्जियम, इटली म्हणाले, हे चॉकलेटच नाही. (अगदी माझंच वाक्य!) स्पेन आणि इटलीनं तर अशा मालावर 'चॉकलेटचा पर्याय' असं छापायला लावलं. शेवटी २००० सालच्या निर्देशानं तोडगा निघाला. जास्तीत जास्त ५ टक्के इतर चरबी चालेल, पण कोकोचं ठरलेलं प्रमाण घटवायचं नाही, वेष्टनावर सांगायचं आणि चरबी फक्त यादीतल्या सहा वनस्पतींचीच. जानेवारी २००३ मध्ये युरोपीय न्यायालयानं स्पेन-इटलीची 'पर्याय' ही सक्तीही रद्द केली.

ती सहा नावांची यादी मी पहिल्यांदा वाचनालयात पाहिली तेव्हा मोठ्यानं हसले, शेजारच्यानं मान वर करून पाहिलं. इलिपे, पाम, साल, शिया, आंब्याची कोय आणि कोकम. हो, आपलं कोकम, गार्सिनिया इंडिका. ब्रुसेल्समध्ये अधिकारी वर्षानुवर्षं ज्यावर भांडले, त्यात कणकवलीच्या आमच्या आजीच्या फळीवरचं मुठेल होतं.

मुठेल ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : कोकमाची सालं आमसुलं करायला काढली की बिया उरतात. त्या वाळवून, फोडून, आतला गर वाटून पाण्यात उकळायचा. चरबी वर येते. ती काढून, निवत आली की मुठीत दाबून तिचे गोळे करायचे. गोव्याकडे यालाच भिरंडेल म्हणतात. थंडीत टाचांच्या भेगांना आजी तेच गरम करून लावायची, आणि जुन्या लोकांच्या भातावरही ते पडायचं. रसायनाच्या भाषेत, यात स्टिअरिक आणि ओलेइक ही दोनच आम्लं जवळजवळ सगळी जागा व्यापतात, आणि त्यांची रचना कोकोबटरच्या रचनेशी इतकी जुळते की दोन्ही एकत्र नांदतात. वर मुठेल वितळतं ४० अंशांच्या आसपास. म्हणजे थोडं घातलं तर चॉकलेट उन्हाळ्यात जरा जास्त टिकतं. म्हैसूरच्या संशोधकांनी हे मोजून प्रसिद्धही केलंय. म्हणजे 'कोकोबटर नाही ते हलकं' हे समीकरण चुकीचं आहे. आपल्या हवेत मूळ मालापेक्षा मिसळलेला माल सरस ठरू शकतो.

पाम कर्नलचं तसं नाही. ते कोकोबटरशी पटवून घेत नाही. दोन्ही मिसळले की मिश्रण दोघांपेक्षाही मऊ होतं, बर्फावर मीठ टाकल्यावर होतं तसं, आणि पांढरी झाकही लवकर येते. म्हणूनच कंपाउंडमध्ये बटर पिळून काढलेली पावडर वापरतात.

आपल्याकडे हा वाद जुना आहे, फक्त तो तुपावरून झाला. १९३७ मध्ये डालडा बाजारात आला आणि पुढची दोन-तीन दशकं 'वनस्पती तूप' या शब्दांवर देश भांडत होता. तुपात ते मिसळलं तर ओळखायचं कसं? वनस्पतीला रंग द्या, अशी मागणी बरीच वर्षं झाली, पण नीट टिकणारा रंग काही ठरेना. शेवटी उपाय निघाला तो मला अन्नाच्या इतिहासातल्या सर्वांत हुशार उपायांपैकी एक वाटतो. वनस्पतीत किमान ५ टक्के तिळाचं तेल घालणं बंधनकारक केलं. तिळाच्या तेलात असा घटक आहे की बॉडुआं नावाच्या साध्या चाचणीत तो लाल-गुलाबी रंग देतो. म्हणजे कुणी तुपात वनस्पती मिसळली तर परीक्षानळीत तूप स्वतःच लाजतं. वनस्पती विकायला मनाई नव्हती, पण तिनं आपली ओळख पोटात घेऊन फिरायचं होतं.

चॉकलेटच्या कंपाउंडला अशी काही खूण नाही. प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफीवर ट्रायग्लिसराइडांचं गणित मांडून परकी चरबी ओळखता येते, पॅडली आणि टिम्स यांनी १९८० मध्येच ती रीत दाखवली. पण ते यंत्र हाटकेशच्या नाक्यावर नसतं. तिथे फक्त वेष्टन असतं.

कॅडबरी भारतात १९४८ साली आली, आधी बाहेरून आणलेला माल इथे बांधून विकायची. मग कारखाने निघाले. आमच्याकडून घोडबंदर रोडनं ठाण्याला जाताना अजूनही 'कॅडबरी जंक्शन' लागतं. रिक्षावाल्याला दुसरं नाव सांगून बघा! मराठीत तर अजून कित्येक घरांत चॉकलेट म्हणजे 'कॅडबरी' आणि 'चॉकलेट' म्हणजे रावळगावची गोळी. मालेगाव तालुक्यातल्या रावळगावला वालचंद हिराचंदांनी साखर कारखाना काढला, १९४२ पासून तिथे गोळ्याही बनू लागल्या, आणि पानाच्या चवीपासून कॉफीच्या चवीपर्यंत सगळ्याला आपण 'चॉकलेट' म्हणत राहिलो. कोकोचा कणही नसलेली. वाढदिवसाला वर्गात वाटतात ती 'चॉकलेटं' आठवा. आपल्या भाषेनं शुद्धतेचा आग्रह कधी धरलाच नव्हता, आणि मी काकूंना भाषा शिकवायला निघाले होते.

मग २००३ चा ऑक्टोबर. मी पहिलीत होते, पण एवढं आठवतं की आईनं डेअरी मिल्क हातात देण्याआधी कागद उघडून, तुकडे करून, खिडकीशी नेऊन पाहिलं. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे मुंबईतून तक्रारी आल्या होत्या, चॉकलेटात अळ्या निघाल्याच्या. दिवाळी होती २५ ऑक्टोबरला. कंपनीचं म्हणणं, कारखान्यात नव्हे, दुकानात साठवण नीट नसल्यामुळे असं होतं. प्रशासनाचं म्हणणं, मग वेष्टन तसं का नाही की दुकानात काही झालं तरी आत शिरकाव होणार नाही? त्या सणात विक्री जोरात आपटली. कंपनीनं दुकानदारांसाठी 'विश्वास' नावाची मोहीम काढली, जानेवारी २००४ मध्ये उष्णतेनं पक्की बंद केलेली ॲल्युमिनियमची चंदेरी आणि वर प्लास्टिकचं आवरण असं वेष्टन आलं, आणि अमिताभ बच्चन टीव्हीवर येऊन भरवसा देऊ लागले.

धान्य-सुकामेव्यावरच्या लहान पतंगांच्या अळ्या कोकोवर आणि मेव्यावर खूश असतात. त्यांना चॉकलेट अस्सल आहे की कंपाउंड, याच्याशी देणंघेणं नसतं, कागदाच्या घडीत फट आहे का एवढंच त्या बघतात. याच वर्षी जानेवारीत युरोपचं न्यायालय पाच टक्के चरबीचा निवाडा करत होतं आणि ऑक्टोबरात आमची आई खिडकीशी उभी राहून अळी शोधत होती. दोघंही चॉकलेटची गुणवत्ताच तपासत होती. माझ्या मते आईची तपासणी जास्त महत्त्वाची होती.

आता आकडे. आपल्या २०११ च्या अन्नसुरक्षा नियमावलीत मिल्क चॉकलेटला चरबीरहित कोको किमान २.५ टक्के लागतो, साध्या म्हणजे प्लेन चॉकलेटला १२ टक्के. आणि 'भरलेलं चॉकलेट' म्हणजे आत सारण, बाहेर आवरण असेल तर आवरणाचं चॉकलेट पूर्ण वजनाच्या निदान २५ टक्के हवं. पूर्वी दुसरी वनस्पतिजन्य चरबी आपल्या चॉकलेटला मुळीच चालत नव्हती. गेल्या दशकात ५ टक्क्यांची सूट आली, वेष्टनावर लिहिण्याच्या अटीवर.

यावरून एक हिशेब करून पाहिला. समजा २०० ग्रॅमचा डबा, सगळे तुकडे भरलेल्या मिल्क चॉकलेटचे, आणि कंपनीनं कायद्याच्या किमान रेषेवर बोट ठेवलं. चॉकलेट ५० ग्रॅम. त्यात चरबीरहित कोको सव्वा ग्रॅम. चहाचा चमचा अर्धा भरेल इतका. आणि हा डबा कायद्यानं शंभर टक्के 'चॉकलेट'! काकूंच्या स्लॅबच्या कागदावर कोको पावडरीचं प्रमाण पाहिलं तर ते यापेक्षा बरंच जास्त निघालं. तिला मात्र ते नाव लावता येत नाही, कारण चरबी वेगळी.

गाळेवाल्यानं सांगितलेला दुकानातला डबाही मी स्टेशनजवळून आणला. नाव सांगत नाही. त्यावर 'चॉकलेट' शब्द कुठेच नव्हता, 'चोको' होता, सोनेरी आणि ठसठशीत. मागे बारीक अक्षरांत 'शुगर कन्फेक्शनरी'. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहावे लागतात. पहिली साखर, दुसरी हायड्रोजनेटेड वनस्पतिजन्य चरबी, कोको खूप खाली. तळाला उंच पुठ्ठा घालून डबा भरल्यासारखा केलेला. झाकणावर बदाम होते, आत शेंगदाण्याचे तुकडे. दोन तुकड्यांवर पांढरी झाक. एक तोंडात टाकला. चव वाईट नव्हती, पण वितळल्यावर टाळूला मेणासारखा थर बसला.

मग काकूंचा डबा, जो त्या रागानं ठेवून गेल्या होत्या, तो उघडला. तुकडे चकचकीत, कडा स्वच्छ, बोटाला चिकटत नव्हते. ऑक्टोबरच्या उकाड्यात बिनएसीच्या स्वयंपाकघरात अस्सल चॉकलेट टेम्पर करायचं म्हणजे काय हाल होतील ते मी जाणते. त्या खोलीसाठी कंपाउंड हाच शहाणपणाचा माल आहे. काजू म्हटलं तिथे अर्धा काजू होता. संत्र्याचा कीस खरा, किंचित कडू. थर टाळूला बसत होता, पण काजूनं तो निघून जात होता. डबा तळापर्यंत भरलेला. झाकणावर स्टिकर : 'होममेड चॉकलेट', खाली नोंदणी क्रमांक. काकूंनी तो रीतसर काढलेला आहे.

एवढ्या डब्यात मला एकच खोट सापडली, आणि ती त्या स्टिकरवरच्या दुसऱ्या शब्दात होती.

मध्ये एक आगाऊपणाही केला. आजीकडचा मुठेलाचा गोळा घरात होता. मी काकूंच्या स्लॅबचा तुकडा वितळवून त्यात किसलं, कोकणचा झेंडा लावायच्या उत्साहात. लॉरिक चरबीशी त्याचं पटणार नाही हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवलेत, तरी. चार दिवसांत तुकडा मऊ पडला, त्यावर करडे डाग आले. बाजारातलं अस्सल चॉकलेट आणून त्यात थोडं घातलं तेव्हा तुकडा छान कडक झाला, पण हिशेब केला तर तसा डबा ४०० रुपयांच्या खाली बसेना. २०२४ मध्ये जगात कोको टनाला १०,००० डॉलरच्या वर गेला होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून चॉकलेटवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, मिठाईच्या बरोबरीला, तरी ४०० चे १२० होणार नव्हते. आणि १२० च्या वर गाळेवाला घेत नाही.

मी वर गेले. आधी माफी मागितली. मग दोन्ही डबे त्यांच्यासमोर ठेवून दोन्ही कापून दाखवले, काजू मोजले, तळाचा पुठ्ठा काढला. काकूंना सगळ्यात जास्त राग आला तो पुठ्ठ्याचा. "एवढा पुठ्ठा घालायचा तर लहान डबा नाही का घ्यायचा मेल्यांनी?"

"काकू, तुमचा माल याच्यापेक्षा चांगला आहे. फक्त नाव बदलावं लागेल."

"मग काय लिहू?"

"कोको कन्फेक्शनरी."

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. "हे कोण घेणार गं? मला स्वतःला घ्यावंसं वाटेना."

बरीच डोकेफोड झाली. त्यांचा धाकटा 'चोको' म्हणाला, तो त्यांनीच फेटाळला, दुकानातल्या डब्यावर तेच होतं म्हणून. शेवटी नव्या स्टिकरवर मोठ्या अक्षरांत आलं 'काजू-बदाम-संत्रं', त्याखाली 'कोकोचा खाऊ, घरी केलेला', आणि त्याखाली घटक, क्रमानं, चरबीसकट, चष्मा न लावता वाचता येतील एवढ्या अक्षरांत. गाळेवाल्याला त्यांनी कापलेले दोन्ही तुकडे ताटलीत घालून नेऊन दाखवले. त्यानं चाळीस डबे सांगितले, गेल्या वर्षीपेक्षा दहा कमी. उरलेल्या दहांऐवजी त्यानं दुकानातलेच घेतले, कारण त्यांचं झाकण मोठं दिसतं म्हणे.

मुठेलाचा उरलेला गोळा काकूंनी ठेवून घेतलाय. दिवसभर उभं राहून त्यांच्या टाचांना भेगा पडल्यात.